सुरईचा सातबारा

एप्रिल २०२३ मध्ये एक छोटी क्लिप आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरली होती. राष्ट्रपती भवनात पद्म पुरस्कारांचा सोहळा झाला आणि त्यानंतर बिदरचे शाह रशीद अहमद कादरी पंतप्रधानांशी बोलले. भाजपच्या सरकारकडून हा सन्मान मिळेल असं वाटलं नव्हतं, तुम्ही मला चुकीचं ठरवलंत, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या दोन वाक्यांवर भांडणं झाली. कुणी त्यांना डोक्यावर घेतलं, कुणी लाचार ठरवलं. आमच्या खानदानाच्या ग्रुपवरून दोन मावसभाऊ रागाने बाहेर पडले. पण ज्या कामासाठी पद्मश्री मिळाली, त्या कामाबद्दल मला एकही मेसेज आला नाही.

कादरीसाहेब बिदरी करतात. जस्तात थोडं तांबं मिसळून तो धातू वितळवायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा. त्यातून सुरई निघते, फुलदाणी निघते, पानदान निघतं. ओतीव वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करायची. मग मोरचुदाचं पाणी फिरवून ती तात्पुरती काळी करायची, म्हणजे टोकदार सळईने काढलेली नक्षी डोळ्यांना दिसते. ती नक्षी छिन्नीने कोरायची आणि त्या खाचांत चांदी हलक्या हाताने ठोकून बसवायची. तार बसवली तर तारकशी, पत्रा बसवला तर तहनिशान. पुन्हा घासून सगळं एका पातळीत आणायचं. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्याची प्रक्रिया करायची. धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी मात्र पांढरी राहते.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकाच द्रावणाने दोन धातूंपैकी फक्त एकालाच काळं करायचं, हा उपाय रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी शोधून काढला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. माझं मूळ गाव उदगीर, त्यामुळे थोडा जिव्हाळाही आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर हा बिदर जिल्ह्यातलाच तालुका होता. आजही भालकी, औराद, बसवकल्याण या भागात तुम्ही मराठीत बोललात तर कुणी वळून बघत नाही. आमच्याकडे घरात दखनी, शाळेत मराठी आणि पाहुणे सगळे बिदरचे, अशीच पद्धत. त्यामुळे बिदरी ही कुठल्यातरी परक्या राज्यातली कला, असं मला कधी वाटलं नाही.

या कलेचं आपण करतो काय, याबद्दल मला बोलायचं आहे. आपली पिढी वारशाबद्दल फार बोलते. इन्स्टाग्रामवर ताजमहाल, बिदरचा महमूद गवानचा मदरसा, बिबी का मकबरा यांची रीळं टाकते आणि खाली लिहिते, हे आमच्या लोकांनी केलं. 'आमच्या लोकांनी' म्हणजे कुणी? त्या माणसाचं नाव काय? तो आज जिवंत असेल तर त्याच्या घरात किती पैसे जातात? इथे आपण गप्प होतो. समाजाच्या अभिमानाला नाव लागत नाही. कारागिराच्या पोटाला मात्र नाव लागतं.

हे कसं, ते सांगतो. शिल्पं आणि कलात्मक वस्तू गोळा करणारे लोक पैसे कशाचे देतात? धातूचे आणि मेहनतीचे तर देतातच, पण मोठी रक्कम मोजली जाते ती नोंदीसाठी. वस्तू कुणी केली, कधी केली, त्यासारख्या किती केल्या, पहिल्यांदा कुणी विकत घेतली, नंतर कुणाकडे गेली. ही साखळी पक्की असेल तर किंमत चढते, तुटकी असेल तर तीच वस्तू शोभेची म्हणून जाते. जमिनीला सातबारा असतो तसं हे आहे. आणि सातबाऱ्यावर नाव नसण्याची किंमत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. कूळकायदा आला तेव्हा ज्याचं नाव पीकपाण्याला लागलं होतं त्याला हक्क सांगता आला. ज्याचं लागलं नव्हतं, तो वर्षानुवर्षं जमीन कसूनही रिकाम्या हाताने उभा राहिला. बिदरीच्या सुरईचा सातबारा कोरा आहे. त्यावर गावाचं नाव आहे, कसणाऱ्याचं नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, हैदराबादच्या सालारजंगमध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये बिदरीच्या वस्तू आहेत. जुन्या वस्तूंखालच्या पाट्या वाचल्या तर बहुधा एवढंच सापडतं: हुक्क्याचा तळ, बिदर, सतरावं शतक. आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. १८९० च्या दशकात जे. जे. मध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' हा प्लॅस्टरचा पुतळा केला. आज मराठीत आधुनिक शिल्पकलेबद्दल लिहायचं तर त्यांच्या नावाशिवाय पान हलत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच काळात बिदरच्या कारखान्यांतूनही ओतकाम, कोरकाम चालू होतं. तिथल्या एका तरी उस्तादाचं नाव तुम्हाला किंवा मला सांगता येतं का?

हा फरक हुनरातून आलेला नाही. तो खात्यांतून आलेला आहे. एका खात्याला 'कला' म्हटलं, तिथे माणसाची सही आली. दुसऱ्याला 'हस्तकला' म्हटलं, तिथे गावाचं नाव आलं. गंमत म्हणजे आपल्या भाषेला हा भेद मुळात मान्य नव्हता. शिल्प म्हणजे हाताने घडवलेलं काहीही, आणि 'हस्तशिल्प' या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. उर्दूत मात्र आपणही भेद करून बसलो. गाणारा तो फनकार आणि सुरई घडवणारा तो दस्तकार. पहिल्याला आपण मैफलीत बसवतो, दुसऱ्याशी घासाघीस करतो.

कायदाही याच खात्यांवर चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकृती' या शब्दाच्या व्याख्येत चित्र आणि शिल्प यांच्याबरोबर कलात्मक कारागिरीची कृतीही येते. इथपर्यंत बिदरी आत आहे. मग १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आलं. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो. हा हिस्सा जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. समजा, एखादी वस्तू आज २०,००० ला गेली आणि पंधरा वर्षांनी लिलावात ५ लाखांना गेली, तर कमाल ५०,००० रुपये तिच्या कर्त्याच्या घरी जाऊ शकतात. पण या कलमातली यादी नीट वाचा. चित्र आहे, शिल्प आहे, रेखाटन आहे, लेखक-संगीतकारांची हस्तलिखितं आहेत. कलात्मक कारागिरी नाही. बिदरीची फुलदाणी 'शिल्प' ठरते का, यावर वकील वाद घालू शकतील. पण म्हात्र्यांच्या पुतळ्यासाठी असा वाद घालावा लागला नसता.

याच कायद्याचं १७ वं कलम दुसरी अडचण उभी करते. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. हे मला रोजच्या जगण्यातून माहीत आहे. मी लिहिलेला प्रत्येक कोड माझ्या कंपनीच्या मालकीचा आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. पण माझ्यात आणि बिदरच्या कारखान्यात पगारावर छिन्नी चालवणाऱ्या मुलात एक मोठा फरक आहे. आम्ही गिट नावाचं साधन वापरतो. त्यात कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी लिहिली याची नोंद राहते. मालकी कंपनीची असली तरी काम माझं आहे हे कुणी पुसू शकत नाही, आणि पुढची नोकरी मला त्या नोंदीवर मिळते. त्या मुलाकडे असं काय आहे?

बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, मग अडचण काय, असं काही जण विचारतील. मानांकन हवंच. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या गावात यंत्रावर छापलेली चकचकीत वस्तू 'बिदरी' म्हणून विकणाऱ्याला कायद्याने अडवता येतं. पण मानांकन जागेचं रक्षण करतं, माणसाचं नाही. ते सांगतं की वस्तू बिदरची आहे. बिदरमधल्या कुणाची, हे ते सांगत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून सुचलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या बिदरच्या एका तरुण कारागिराला एका मोठ्या शहरातल्या दुकानाकडून ऑर्डर आली. पैसे बरे होते, अट एकच होती. वस्तूसोबत त्याचं नाव, फोन नंबर किंवा कार्ड काहीही येता कामा नये. दुकानदाराची भीती सरळ होती, गिऱ्हाईक उद्या थेट कारखान्यात गेलं तर? पोराने मला विचारलं, "भाईजान, घेऊ का ऑर्डर?" घरात तीन माणसं त्याच्यावर अवलंबून असताना 'तत्त्वासाठी सोड' असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, ऑर्डर घे, पण तळाला तारकशीत एक बारीक आकडा कोर.

त्या आकड्याची नोंदवही मी गोडदेवला घरी बसून दोन रविवारांत केली. त्यात विशेष काही नाही. एका तक्त्यात वस्तूचा आकडा, तारीख, वजन, चार बाजूंचे फोटो आणि चार नावं: ओतकाम कुणी केलं, नक्षी कुणाची, चांदी कुणी बसवली, घासकाम कुणाचं. कार्ड दुकानदार काढून टाकू शकतो, चांदीत बसलेला आकडा काढायचा तर वस्तू बिघडते. उद्या कधी ती वस्तू कुठल्या संग्राहकाच्या हाती पडली आणि त्याने विचारलं, तर उत्तर तयार आहे. आज त्या नोंदवहीमुळे त्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही, हेही सांगून टाकतो. सातबाऱ्याचा उपयोगही पेरणीच्या दिवशी होत नाही.

या सगळ्यावर जे आक्षेप मी ऐकतो, त्यातले तीन मला गंभीर वाटतात.

पहिला आक्षेप असा की बिदरी हे एकट्याचं काम नाही, मग नाव कुणाचं घालायचं? सगळ्यांचं घाला. सिनेमा संपल्यावर स्पॉटबॉयपर्यंत नावं येतात, कुणी त्याला दिग्दर्शकाचा अपमान मानत नाही. उलट सध्या जे चाललं आहे ते पाहा. महागड्या गॅलऱ्यांत दिवे, खुर्च्या, मेजं 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विकली जातात. त्यावर डिझायनरचं नाव ठळक असतं आणि ज्यांनी धातू ठोकला ते 'स्थानिक कारागीर' होतात. अनेकांचं काम आहे म्हणून एकाचंच नाव, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप जास्त आतला आहे. काही बुजुर्ग म्हणतात, नावाचा सोस हा आपला मिजाज नाही, उस्ताद लोक नम्र होते, कामात नियत असली की पुरे. या नम्रतेचा मला आदर आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये एक पितळी झारी आहे, चांदी आणि तांब्याच्या जडकामाची, म्हणजे बिदरीची दूरची बहीणच. तिच्यावर कोरलं आहे की ही शुजा इब्न मनआने मोसुल शहरात हिजरी ६२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२३२ मध्ये केली. पॅरिसच्या लूव्रमध्ये मामलुक काळातलं एक मोठं जडकामाचं पात्र आहे. मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिराने त्यावर एकदा नाही, सहा वेळा सही केली आहे. ताजमहालावरची अक्षरं लिहिणाऱ्या अमानत खानाने आपलं नाव तिथेच लिहून ठेवलं. आपल्या परंपरेत सही होती. ती नम्रतेने गेली असं मला वाटत नाही. माल दूर जायला लागला, मध्ये व्यापारी आला आणि नावापेक्षा नग मोजले जाऊ लागले, हे मला जास्त संभवतं.

तिसरा आक्षेप घरातला. 'शिल्प' म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच मूर्तीवर, चित्रावर, जायज-नाजायजवर जाते आणि तिथेच संपते. ज्याला तो विचार करायचा आहे त्याने जरूर करावा. पण एवढं लक्षात घ्या की सुरई, पेटी, फुलदाणी, दिव्याचा स्टँड हेही शिल्पच आहे, आणि वेली-फुलांच्या, भूमितीच्या नक्षीत आपल्या कारागिरांनी जे केलं त्याला जगातली संग्रहालयं काचेत ठेवतात. आपल्या वादामुळे आपल्याच मुलांना वाटू लागतं की कलाशाळा ही आपली जागा नाही. इंजिनिअरिंगला पाठवायला आपण कर्ज काढतो. जे. जे. ची प्रवेश परीक्षा कधी असते, हे आपल्यापैकी किती घरांना माहीत आहे?

म्हणून मला तुमच्याकडून काही साध्या गोष्टी हव्या आहेत. बिदरला जा, मुंबईहून थेट गाडी आहे, लातूर-उदगीर-भालकी करत जाते. काही घेतलंत तर विचारा, हे कुणी केलं? आणि ते नाव बिलावर लिहून घ्या. चावीची कडी किंवा छोटी डबी असेल तर राहू द्या, पण पाच-दहा हजारांची वस्तू असेल तर नाव, तारीख आणि फोटो असलेला कागद मागा. तुम्ही मागितलात तर उद्या दुकानदार स्वतःहून देईल. लग्नात आहेर द्यायचा असेल तर परदेशी ब्रँडच्या डिनर सेटऐवजी एक सही केलेली वस्तू द्या आणि घासाघीस करू नका.

तुम्ही वकिली शिकत असाल तर ५३-अ च्या यादीत कलात्मक कारागिरी का नाही, यावर लिहा, निवेदन करा. तुम्ही कारागिराच्या घरातले असाल तर तीन कामं आजच करता येतात. हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारं कारागिराचं ओळखपत्र काढा. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कारखान्याऐवजी स्वतःच्या नावाने नोंद होते का, ते पाहा. आणि एखादी नक्षी खरोखर नवीन असेल तर तिचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी डिझाइन कायद्याखाली नोंदणीचा अर्ज करा. आधी जगजाहीर झालेलं डिझाइन त्या कायद्यात नवीन मानलं जात नाही, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. माझ्यासारखे संगणकावर बसणारे असाल तर तुमचे दोन रविवार कुणाच्या तरी नोंदवहीला द्या.

मी राहतो त्या भाईंदर पूर्वेला गाळ्या-गाळ्यांतून स्टील घासलं जातं. पॉलिशच्या चाकासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा संध्याकाळी ओळखू येत नाही इतका काळा झालेला असतो. प्रत्येक वाटीवर त्याचं नाव कोरा, असं मी म्हणत नाही. वाटी शेकड्याने निघते, तिथे प्रश्न मजुरीचा, मास्कचा, कामाच्या तासांचा आहे आणि तो वेगळा लढायला हवा. पण जिथे एका वस्तूवर एक माणूस पंधरा दिवस डोळे फोडतो आणि ती वस्तू त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही, तिथे नाव न लिहिणं ही चोरी आहे. ती आजवर दुकानदार करत आला, संग्रहालयं करत आली. वारशाच्या पोस्टखाली 'आमच्या लोकांनी' असं लिहून थांबणारे आपणही त्यात सामील होतो. पुढची पोस्ट टाकाल तेव्हा एका माणसाचं नाव शोधून टाका. सापडलं नाही तर बिदरला फोन लावा, तिथले लोक मराठीत बोलतात.